अॅल्युमिनियमवर ग्राइंडर वापरताना घ्यावयाची काळजी

शहापूर, वासिंद, किन्हवली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशा बाजारगावांतील वेल्डिंग-फॅब्रिकेशनच्या दुकानांत शेतीची अवजारे वर्षभर दुरुस्तीला येतात. ही दुकाने प्रामुख्याने लोखंडी कामाची असतात. नांगराचा फाळ, पॉवर टिलरची केज व्हील, ट्रॉलीचा सांगाडा यांवर दिवसभर ग्राइंडर चालतो. त्याच ग्राइंडरला, त्याच चाकाने आणि त्याच जागेवर स्प्रिंकलरचा अॅल्युमिनियम पाइप, शिडी, ब्रश कटरची दांडी किंवा पंपाचे ओतीव आवरण लावले जाते. अनेक शेतकऱ्यांच्या घरीही आता चार इंची ग्राइंडर असतो आणि किरकोळ कामे पडवीतच उरकली जातात.

अॅल्युमिनियम मऊ असल्याने ते कापायला सोपे व सुरक्षित वाटते. मात्र लोखंडाची सवय त्याला लावली तर चाक फुटणे, हात भाजणे आणि धुळीने पेट घेणे असे तीन धोके निर्माण होतात. हे धोके टाळण्यासाठी दोन नियम कायम पाळावेत. लोखंडाचे चाक अॅल्युमिनियमला लावू नये आणि दोन्ही धातूंची धूळ एकत्र होऊ देऊ नये.

अॅल्युमिनियम वेगळे कसे?

• वितळण्याचे तापमान कमी : अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाला त्यासाठी १,५०० अंशांपेक्षा जास्त तापमान लागते. चाकाखाली अॅल्युमिनियम मऊ होऊन चाकाच्या दाण्यांमध्ये चिकटते. यालाच कारागीर ‘चाक भरणे’ म्हणतात. भरलेले चाक कापत नाही, फक्त घासते. मग चालवणारा जास्त जोर देतो, चाक आणखी तापते आणि तडकते.

• तापल्याचे दिसत नाही : लोखंड तापले की लाल होते. अॅल्युमिनियम वितळेपर्यंत चंदेरीच दिसते. साध्या पोलादापेक्षा ते चौपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे एका टोकाला काम चालू असताना दुसरे टोक धरलेला हातही भाजू शकतो.

• ठिणग्या दिसत नाहीत : लोखंडावर ठिणग्या उडतात, त्यामुळे माणूस आपोआप सावध राहतो. अॅल्युमिनियमवर त्या जवळपास दिसत नाहीत. मात्र बारीक धूळ उडतच असते आणि खरा धोका तिचाच आहे.

• चाक अडकते : पातळ पाइप किंवा पट्टी दाबाने वाकते व कापाची फट मिटते. चाक त्यात अडकले की ग्राइंडर झटक्याने अंगावर येतो.

धुळीचा धोका : गंज आणि पाणी

अॅल्युमिनियमचा अखंड तुकडा सहसा पेटत नाही, पण त्याची बारीक पूड पेटते. एखादा पाइप कापल्याने स्फोट होत नाही. धोका असतो तो कोपऱ्यात, तुळईवर, बाकाखाली दिवसेंदिवस साठलेल्या धुळीचा. अशी धूळ हवेत उडाली आणि तिला ठिणगी मिळाली तर भडका उडतो.

या धुळीत लोखंडाचा गंज मिसळला की धोका वाढतो. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचे मिश्रण रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी मुद्दाम पेटवले जाते. त्यात तापमान २,००० अंशांच्या वर जाते आणि लोखंडाचा रस तयार होतो. याला थर्मिट वेल्डिंग म्हणतात. लोखंडाच्या दुकानात जमिनीवर गंजाची पूड पडलेलीच असते. त्यावर अॅल्युमिनियमची धूळ पडली आणि पुन्हा लोखंडाच्या ठिणग्या उडाल्या तर पेट घेण्यासाठी लागणारे सर्व घटक एकत्र येतात.

दुसरा धोका ओलाव्याचा आहे. ओल्या झालेल्या बारीक अॅल्युमिनियम धुळीची पाण्याशी हळूहळू प्रक्रिया होते. त्यातून उष्णता आणि हायड्रोजन हा ज्वलनशील वायू बाहेर पडतो. चीनमधील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या अॅल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. धूळ गोळा करणाऱ्या पिंपात ओलावा शिरून धूळ आपोआप तापली, असे चौकशीत आढळले.

गावातील दुकानात तेवढी धूळ नसते. मात्र शहापूर-मुरबाड परिसरात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये गळती व ओल असते. झड आत येऊ नये म्हणून दारे बंद ठेवली जातात आणि धूळ आतच राहते. लावणीच्या दिवसांत पॉवर टिलर आणि पंपांच्या दुरुस्तीची घाई असल्याने साफसफाई मागे पडते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात विशेष काळजी घ्यावी.

ग्राइंडरची गरज आहे का?

अॅल्युमिनियमची बरीच कामे हाताच्या हत्यारांनी होतात. त्यात बारीक धूळ न उडता जाड कीस पडतो आणि धोका कमी होतो.

• पातळ पाइप किंवा पट्टी कापण्यासाठी इंचाला २४ दात असलेले हॅक्सॉ ब्लेड वापरावे. जाड तुकड्यासाठी १८ दातांचे ब्लेड घ्यावे. धातूच्या जाडीवर एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत.
• कापाच्या कडा कानशीने साफ कराव्यात. कानस भरल्यास तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी. दातांवर आधीच खडू घासल्यास ती कमी भरते.
• एकाच मापाचे बरेच तुकडे हवे असतील तर अॅल्युमिनियम खिडक्यांची कामे करणाऱ्या दुकानातून ते कापून आणावेत. तिथे त्यासाठी वेगळे यंत्र असते.

ओतीव भागावरील तडा वेल्डिंगपूर्वी खरवडणे, वेल्डिंगचा जास्तीचा थर काढणे, जाड पट्टी कापणे अशा कामांसाठीच ग्राइंडर वापरावा.

चाकाची निवड

• चाकावर ‘अॅल्युमिनियम’ किंवा ‘नॉन-फेरस’ असे छापलेले असावे. लोखंडासाठीचे साधे कटिंग चाक अॅल्युमिनियमवर लवकर भरते.
• घासकामासाठी जाड ग्राइंडिंग चाकाऐवजी ४० ते ८० नंबरची फ्लॅप डिस्क घ्यावी. तीही अॅल्युमिनियमसाठी योग्य असल्याची खात्री दुकानदाराकडून करून घ्यावी.
• अॅल्युमिनियमसाठीची चाके वेगळ्या डब्यात ठेवावीत व त्यांवर रंगाची खूण करावी. लोखंडावर वापरलेल्या चाकातील कण अॅल्युमिनियममध्ये रुततात. पावसाळी हवेत तिथेच डाग पडून धातू खराब होऊ लागतो.
• चाकावरील कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावेत. चार इंची ग्राइंडर साधारण मिनिटाला ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. मोठ्या ग्राइंडरचे झिजलेले सात इंची चाक चार इंची ग्राइंडरवर कधीही बसवू नये. त्याची मर्यादा साधारण ८,५०० फेऱ्यांचीच असते.
• चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर वापराची मुदत छापलेली असते. मुदत संपलेले, कड उडालेले, भिजलेले किंवा पडलेले चाक वापरू नये. रेझिनने बांधलेली चाके दमट हवेत कमकुवत होतात. ती कोरड्या डब्यात, सपाट ठेवावीत.
• लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नये. ते अडकल्यास ग्राइंडर हातातून सुटतो.
• अॅल्युमिनियमचा तुकडा बेंच ग्राइंडरच्या दगडावर घासू नये. दगड भरतो, तापतो व फुटू शकतो. शिवाय त्याच्या खालच्या भागात लोखंडाची पूड साठलेली असते.

जागेची तयारी

• अॅल्युमिनियमच्या कामासाठी वेगळा कोपरा व वेगळा बाक ठेवावा. जागा कमी असल्यास काम सुरू करण्यापूर्वी बाक, व्हाइस आणि जमीन लोखंडाच्या कणांपासून पूर्ण स्वच्छ करावी.
• लोखंडाचे ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग त्याच वेळी शेजारी चालू नसावे.
• काम दोन्ही बाजूंनी उघड्या, पण कोरड्या पडवीत करावे. झड येत असेल तर काम पुढे ढकलावे. टेबल फॅन कामाच्या दिशेने लावू नये. त्याने धूळ घरभर पसरते.
• पेंढ्याची उडवी, भाताचा तूस, गोणपाट, डिझेलचा कॅन, रंग, थिनर यांच्याजवळ ग्राइंडर चालवू नये. कापणी-मळणीनंतर पडवीत पेंढा रचलेला असतो. अशा वेळी दुसरी जागा शोधावी.
• कोरड्या वाळूची झाकण असलेली बादली हाताशी असावी. उघडी ठेवलेली वाळू पावसाळ्यात ओलसर होते आणि अॅल्युमिनियमच्या आगीवर ओली वाळू धोक्याची ठरते.

विजेची सुरक्षितता

• ग्राइंडरच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. विजेचा धक्का बसल्यास ते पुरवठा ताबडतोब तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.
• धातूच्या आवरणाच्या जुन्या ग्राइंडरला तीन पिनांचा प्लग व व्यवस्थित अर्थिंग आवश्यक आहे.
• वायरला जोड किंवा चिरा नसाव्यात. ओल्या जमिनीवरून वायर नेऊ नये.
• काम चालू असताना वीज गेल्यास प्रथम ग्राइंडरचे बटण बंद करावे व प्लग काढावा. अनेक ग्राइंडरची बटणे चालू स्थितीत अडकून राहतात. वीज परत येताच बाकावर ठेवलेला ग्राइंडर आपोआप सुरू होतो आणि उडून अंगावर येतो.
• चाक बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

अंगावरील साधने

• डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा, आयएसआय चिन्ह असलेला गॉगल वापरावा. त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घ्यावी. उन्हाचा चष्मा हा पर्याय नाही.
• नाकावर एन-९५ प्रकारचा मास्क लावावा. रुमालातून बारीक धूळ आत जाते.
• हातात घट्ट बसणारे चामड्याचे मोजे असावेत. विणलेले सैल सुती मोजे चाकात ओढले जातात.
• पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट व बंद बूट वापरावेत. लुंगी, गळ्यातील टॉवेल, साडीचा पदर, ओढणी, हातातील कडे, सैल बाही यांमुळे अपघात होतात. लांब केस बांधून ठेवावेत.
• कानांत इअरप्लग घालावेत.
• धूळ बसलेले कपडे घालून वेल्डिंगला बसू नये, विडी पेटवू नये आणि चुलीजवळ जाऊ नये.

काम करण्याची पद्धत

१. चाक बसवून गार्ड घट्ट करावा. उघडी बाजू अंगापासून दूर राहील असा तो फिरवावा. गार्ड काढून काम करू नये. बाजूची मूठ लावलेली असावी.
२. नवीन चाक बसवल्यावर ग्राइंडर एक मिनिट मोकळा चालवून पाहावा. चाकाच्या रेषेत कोणीही उभे नसावे. थरथर जाणवल्यास चाक बदलावे.
३. तुकडा व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने पक्का धरावा. पायाखाली किंवा दुसऱ्याच्या हातात धरून कापू नये. पातळ पाइपच्या आत लाकडाचा गोल तुकडा घालावा, म्हणजे तो चेपत नाही. कापला जाणारा भाग खाली वाकून फट मिटणार नाही, अशा प्रकारे आधार द्यावा.
४. चाकाच्या रेषेत न उभे राहता थोडे बाजूला उभे राहावे. ग्राइंडर दोन्ही हातांनी धरावा.
५. चाक पूर्ण वेगात आल्यावरच धातूला टेकवावे. दाब हलका असावा. कटिंग चाक सरळ रेषेत चालवावे. त्याच्या बाजूने घासकाम करू नये.
६. फ्लॅप डिस्क सतत हलती ठेवावी. एकाच जागी दाबल्यास तिथला धातू वितळून चाकाला चिकटतो.
७. काही सेकंद काम करून थांबावे व धातू निवू द्यावा. तापलेला तुकडा पाण्यात बुडवू नये, कारण त्यावरील धूळही पाण्यात जाते.
८. चाक चमकू लागले, आवाज बदलला किंवा कापणे मंदावले तर चाक भरले असे समजावे. जोर न वाढवता ग्राइंडर बंद करून चाक बदलावे.
९. फ्लॅप डिस्क भरू नये म्हणून ग्राइंडिंगसाठी मिळणारी मेणाची कांडी थोडी लावता येते. हॅक्सॉच्या कामात रॉकेल किंवा डिझेल लावण्याची पद्धत ग्राइंडरला लागू करू नये. ते पेट घेते.
१०. बटण बंद केल्यावर चाक पूर्ण थांबेपर्यंत ग्राइंडर खाली ठेवू नये.

या वस्तूंवर ग्राइंडर चालवू नये

• सौर कृषिपंपाच्या पॅनेलची चौकट : चौकट अॅल्युमिनियमची असते. ती कापल्यास किंवा तिला नवे छिद्र पाडल्यास काच तडकू शकते आणि हमी रद्द होण्याची शक्यता असते. उन्हात पॅनेलमध्ये वीज तयार होतच असते.
• ब्रश कटर व चेन सॉ यांच्या इंजिनची आवरणे : यातील काही आवरणे मॅग्नेशियम मिश्रधातूची असतात. दिसायला ती अॅल्युमिनियमसारखीच, पण साधारण एक तृतीयांशाने हलकी असतात. मॅग्नेशियमची धूळ आणखी सहज पेटते. शंका असल्यास दुरुस्तीऐवजी सुटा भाग बदलावा.
• इंधनाची टाकी किंवा बंद भांडे : आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो.
• शिडीच्या पायऱ्या व उभे दांडे : घासल्याने जाडी कमी होते आणि शिडी वजनाखाली मोडते. आंबा किंवा नारळ काढताना असा अपघात जिवावर बेततो.
• दुधाच्या कॅनची आतील बाजू : ओरखड्यांत दूध अडकून जंतू वाढतात.
• कीटकनाशक फवारणी पंपाचे न धुतलेले भाग : तापल्यावर त्यांतून विषारी वाफ निघते. आधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावेत.

साफसफाई व धुळीची साठवण

• प्रत्येक कामानंतर लगेच सफाई करावी. दिवसभराची धूळ साठू देऊ नये.
• टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने धूळ उडवू नये. घरगुती व्हॅक्यूम क्लिनरही वापरू नये. त्याच्या मोटारीतील ठिणगीने धूळ पेटू शकते.
• मऊ झाडूने सावकाश झाडावे व सुपलीत धूळ भरावी.
• कोरडी धूळ वेगळ्या धातूच्या डब्यात, शेडबाहेर पण पाऊस न लागणाऱ्या जागी ठेवावी. धूळ भिजली असल्यास डबा हवाबंद करू नये. आत तयार होणाऱ्या हायड्रोजनमुळे दाब वाढतो.
• धूळ उकिरड्यावर, शेणखताच्या खड्ड्यात, ओढ्यात किंवा चुलीत टाकू नये.
• अॅल्युमिनियमचे तुकडे व कीस लोखंडापासून वेगळे ठेवावेत. वेगळ्या, स्वच्छ मालाला भंगारातही चांगला भाव मिळतो.
• ग्राइंडरच्या हवेच्या जाळीत अडकलेली धूळ प्लग काढून ब्रशने साफ करावी. ही धूळ वीजवाहक असल्याने मोटारीत शॉर्ट सर्किट होऊ शकते.

आग लागल्यास

पेटलेल्या अॅल्युमिनियम धुळीवर पाणी टाकू नये. पाण्यामुळे हायड्रोजन तयार होऊन भडका वाढतो. साध्या अग्निशामकाचा जोरदार फवाराही मारू नये, कारण त्याने पेटती धूळ हवेत उडते. शक्य असल्यास विजेचा मुख्य स्विच बंद करावा. आग लहान असेल तर कोरडी वाळू कडेकडून हळूवार पसरून झाकावी आणि ढिगारा निवेपर्यंत हलवू नये. ‘ड’ वर्गाच्या म्हणजे धातूच्या आगीसाठी असलेले अग्निशामक मिळाल्यास उत्तम. आग पसरू लागल्यास सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. धातूची आग असल्याचे आवर्जून सांगावे.

इजा झाल्यास

• डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये. सुटी धूळ स्वच्छ पाण्याने धुवावी. कण रुतला असेल तर तो काढण्याचा प्रयत्न करू नये. दाब न देता डोळा झाकून रुग्णालयात जावे.
• भाजल्यास अंगावरील सुटी धूळ कोरड्या कापडाने झटकावी व भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तेल लावू नये.
• खोल जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. चाकाचा तुकडा शरीरात घुसला असेल तर तो उपसू नये.
• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. आतील पाड्यांवरून तिथे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एकट्याने ग्राइंडर चालवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

अवजारे बँक चालवणाऱ्या गटांमध्ये दुरुस्तीचे काम बहुधा एक-दोन तरुणच करतात. त्यांच्यासोबत खरिपापूर्वी, मे महिन्यात, दुकानातच तासाभराची बैठक घ्यावी. जुनी चाके एकत्र करून त्यांवरील मुदत, फेरे व धातूचा प्रकार सर्वांना वाचायला लावावा. एक भरलेले व एक चांगले चाक शेजारी ठेवून फरक दाखवावा. धूळ पेटवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक मात्र करू नये. फिटर किंवा वेल्डरचे रीतसर प्रशिक्षण घ्यायचे असल्यास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करण्यास सांगावे.

बटण दाबण्यापूर्वीची तपासणी

पुढील यादी बाकाजवळ भिंतीवर लावावी. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर काम सुरू करू नये.

• हे काम हॅक्सॉ-कानशीने होणार नाही, याची खात्री केली का?
• धातू अॅल्युमिनियमच आहे का?
• चाक अॅल्युमिनियमचे, मुदतीतले व कोरडे आहे का?
• गार्ड आणि मूठ घट्ट आहेत का?
• बाकावरील लोखंडाची धूळ साफ केली का?
• पेंढा, डिझेल, रंग दूर आहेत का?
• गॉगल, मास्क, मोजे घातले का?
• कोरडी वाळू आणि दुसरा माणूस जवळ आहे का?